नातवंडांचे ठोकळे, आजोबांचा हात

‘हा दिवसभर मोबाईलमध्ये घरे बांधत बसतो, डॉक्टर, तुम्हीच रागवा,’ अशी तक्रार घेऊन नशिराबाद परिसरातील आजी-आजोबा नातवंडांना माझ्याकडे आणतात. हा खेळ बहुधा ‘माइनक्राफ्ट’ असतो. स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी तो २००९ साली लोकांपुढे आणला. ठोकळ्यावर ठोकळा रचून घर, विहीर, शेत, अवघे गाव उभारायचे, असे त्याचे स्वरूप. न्यूयॉर्कचे शिक्षक जोएल लेविन यांनी तो प्राथमिक वर्गात वापरला आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने शाळांसाठी निराळी आवृत्ती काढली. मुंबईतही संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ या संस्थेच्या उपक्रमात गौतम नगरच्या रहिवाशांनी आपल्या बागेचा आराखडा याच ठोकळ्यांत मांडला.

वर्गातला खेळ आणि पांघरुणातला खेळ यांत मात्र मोठा फरक आहे. वर्गात शिक्षक प्रश्न देतात, मुले गटाने बांधतात आणि तास संपला की खेळ थांबतो. घरी हे तिन्ही कोणी करायचे? माझ्या मते, आजी-आजोबांनी.

माझ्या एका वृद्ध रुग्णाचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. आयुष्यभर गवंडीकाम केलेले हे गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर अबोल झाले होते. जेवणही तुटले होते. चौथीतल्या नातवाला परिसर अभ्यासासाठी गावातील जुने धाब्याचे घर या खेळात बांधायचे होते. आजोबा म्हणाले, भिंत दीड हाताची. खेळातला एक ठोकळा तर एक मीटरचा, म्हणजे दोन हातांहून थोडा अधिक! दीड हात बसवायचा कसा? बराच वाद झाला. शेवटी अर्ध्या हाताला एक ठोकळा असे प्रमाण ठरले आणि भिंत तीन ठोकळ्यांची झाली. गुणाकाराचा पाढा नातवाने म्हटला, खण किती आणि माजघर कोठे हे आजोबांनी सांगितले. धाब्याला पावसाळ्यापूर्वी खारी माती का घालावी लागे, हे सांगताना त्यांना आपली पत्नी टोपल्या वर देत असे, तेही आठवले. त्या दिवशी ते रडले, असे सुनेने मला सांगितले. मला ते शुभलक्षण वाटले. दुःखावरचा हा उपचार नव्हे. त्यांचे औषध आणि तपासण्या चालूच आहेत. पण जेवायला ते आता सर्वांबरोबर बसतात.

आता थोडे वैद्यकीय. झरझर फिरणाऱ्या दृश्याने ज्येष्ठांना घेरी किंवा मळमळ होऊ शकते. खुर्चीत टेकून बसावे, नातवाला दृश्य सावकाश फिरवायला सांगावे, त्रास होताच थांबावे. दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर मान मागे टाकून पाहावे लागते आणि ती आखडते. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या खाली ठेवावा. मुलांनी दर वीस मिनिटांनी अंगणापलीकडे दूरवर पाहावे. दिवसाच्या उजेडात बाहेर खेळणाऱ्या मुलांत लांबचे पाहण्यासाठी चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते. आपल्या जळगावच्या उन्हाळ्यात त्यासाठी सकाळ किंवा उतरते ऊन निवडावे. झोपेपूर्वी तासभर पडदा बंद. अनोळखी लोकांशी बोलण्याची सोय सूनबाईंकडून किंवा मुलाकडून बंद करून घ्यावी.

खेळ थांबवताच मूल आदळआपट करते, जेवण, झोप, शाळा सोडते आणि हे महिनोन्महिने चालते, तर मात्र रागावत बसू नये. त्याला डॉक्टरांकडे आणावे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अशा व्यसनाची आजार म्हणून नोंद केलेली आहे.

त्या नातवाचे घर पूर्ण झाले आहे. आता अंगणातली विहीर किती हात खोल होती, यावर दोघांचे एकमत व्हायचे आहे.