पेलेचे 58 गोल आणि कोल्हापूरच्या तालमी

आळ्यातून बोलतोय. ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी इथं लिहून देतोय.

आधी एक प्रश्न. 1958 साली पेलेनं एकाच स्पर्धेत 58 गोल मारले. कुठल्या? वर्ल्ड कप म्हणाल तर नाही, तिथं त्याचे 6 गोल. हे 58 गोल सांतोस क्लबकडून, साओ पावलो राज्याच्या स्पर्धेतले!

ब्राझीलमध्ये 26 राज्यं आणि एक राजधानीचा जिल्हा. प्रत्येकाची स्वतःची फुटबॉल स्पर्धा. साओ पावलोची तर 1902 पासूनची. देशभरातल्या क्लबांची नियमित स्पर्धा सुरू झाली थेट 1959 साली. कारण साधं आहे. देश अवाढव्य, प्रवास महाग. मग शेजारच्या शहराशीच खेळा! त्यातूनच ईर्षा वाढली आणि खेळ घराघरात गेला.

आता म्हणाल, आपल्याकडे असं कुठं आहे? आहे ना, कोल्हापुरात. तिथं राज्य नाही, पेठा भिडतात. संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण कोल्हापुरात ती पेठेची ओळखही असते. त्याच नावानं पोरं फुटबॉल खेळतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, ही लीग भरवते. वरिष्ठ गटात 16 संघ. जिंकलं तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1. लीगच्या जोडीला वेगवेगळ्या चषक स्पर्धा असतातच. 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

पण ईर्षेची दुसरी बाजूही आहे. गॅलरीत हुल्लडबाजी होते, कधी सामना थांबवावा लागतो. साओ पावलोत हेच झालं. तिथं 2016 पासून मोठ्या क्लबांच्या आपसातल्या सामन्यांना फक्त यजमान संघाचे समर्थक आत सोडतात. कोल्हापुरात हा उपाय चालणार कसा? सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. तिथं यजमान कोण आणि पाहुणा कोण? दोन पेठांच्या भांडणात लीग थांबली, तर उरलेल्या 14 संघांची पोरंही घरी बसतात. म्हणून गॅलरीतली शिस्त हा तिथं खेळाडूंच्या वर्षभराच्या मेहनतीचा प्रश्न आहे.

आपल्या जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीला गावं कशी ईर्षेनं उतरतात, ते आपण बघतोच. फुटबॉल मात्र आपण बहुतेक मोबाईलवरच बघतो. आळे, राजुरी, बेल्हे, ओतूर, नारायणगाव. एवढ्या गावांचे संघ जमले तरी लीग होईल की! एक मैदान, एक वेळापत्रक आणि पंचाचं ऐकायची तयारी, सुरुवातीला एवढं पुरे.

तुमच्या गावातून 11 जण निघतील का? मोजून कळवा. भेटू पुढच्या भागात!