बाटलीवरचं पदक काय सांगतं?

यंदाच्या कोजागरीला मसाला दुधाच्या जोडीला एक भलताच विषय निघाला. धारच्या एका सभासदांचा मुलगा नाशिकला नोकरीला आहे. तिथल्या एका छोट्या वायनरीतले फोटो तो मोबाइलवर दाखवत होता. बाटलीवर रुपेरी गोल शिक्का होता, रौप्यपदकाचा. ‘म्हणजे उत्तमच असणार,’ असं तो म्हणाला. देवासचे एक काका लगेच म्हणाले, ‘फी भरली की मिळतं रे पदक!’ वाद अर्धवटच राहिला, म्हणून आम्ही थोडा शोध घेतला. ही वाइनची भलावण नव्हे. आपल्यातल्या बऱ्याच घरांत ती चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बक्षिसं कशी ठरतात हे आपल्यालाही जाणून घेण्यासारखं आहे, कारण बक्षिसं आपणही देतो.

काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्पर्धेत वाइन पाठवायची तर प्रत्येक वाइनमागे फी भरावी लागते आणि नमुन्याच्या बाटल्याही द्याव्या लागतात. पण फी भरल्याने प्रवेश मिळतो, पदक नाही. लंडनची ‘डिकँटर’ मासिकाची स्पर्धा 2004 पासून चालते. तिथे परीक्षकांना बाटली दिसत नाही, उत्पादकाचं नाव कळत नाही. 100 पैकी गुण देतात. 86 ते 89 गुणांना कांस्य, 90 ते 94 ला रौप्य आणि 95 पासून सुवर्ण. म्हणजे तिथे पहिला-दुसरा-तिसरा असे नंबर नसतात. एकाच वर्षी शेकडो वाइनना रौप्य मिळू शकतं, शाळेत फर्स्ट क्लास अनेकांना मिळतो तसं. द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आश्रयाखाली होणाऱ्या स्पर्धांत मात्र आलेल्या नमुन्यांपैकी जास्तीत जास्त 30 टक्क्यांनाच पदक देता येतं.

मग छोटी वायनरी एवढा खर्च का करते? तिला दुसरा भोंगाच नाही म्हणून. आपल्याकडे वाइनची उघड जाहिरात करता येत नाही. शिवाय प्रत्येक राज्यात लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. मोठ्या कंपनीला ते झेपतं, पाच-सहा प्रकारच्या वाइन करणाऱ्या घरगुती धंद्याला जड जातं. ज्याने नाव कधी ऐकलेलं नाही, त्या गिऱ्हाइकाचा हात बाटलीकडे वळावा एवढंच काम तो शिक्का करतो. 2011 मध्ये डिकँटरच्या स्पर्धेत नाशिकच्या सुलाच्या 2010 च्या ‘सोव्हिन्यों ब्लाँ’ला रौप्य मिळालं, तेव्हा त्याचा फायदा एका कंपनीपुरता राहिला नाही. भारतातही वाइन होते, ही गोष्टच तोवर बाहेर अनेकांना नवी होती.

आता या शोधात आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन नावाचे प्राध्यापक होते. निवृत्तीनंतरही त्यांची स्वतःची छोटी वायनरी होती. त्यांची एकच वाइन एका स्पर्धेत सुवर्ण मिळवायची आणि दुसरीत रिकाम्या हाताने परत यायची. दुसरा कोणी असता तर परीक्षकांना शिव्या घालून गप्प बसला असता. हे गृहस्थ आकडेमोडवाले. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या आयोजकांना राजी केलं आणि 2005 पासून चार वर्षं एक प्रयोग केला. परीक्षकांसमोर येणाऱ्या 30 पेल्यांमध्ये एकाच बाटलीतली वाइन तीनदा ठेवायची, न सांगता. तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाचे गुण देणारे परीक्षक निघाले जेमतेम 10 टक्के! तेवढेच दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी त्याच वाइनला एकदा कांस्य तर एकदा सुवर्ण देण्यापर्यंत मजल मारली. हे सगळे जाणकार लोक होते बरं का, हौशी नव्हेत.

पुढे त्यांनी 13 स्पर्धांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले. तीनपेक्षा जास्त स्पर्धांत उतरलेल्या 2440 वाइनपैकी 47 टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालं होतं. पण त्यातल्या 84 टक्के वाइनना दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत काहीच मिळालं नव्हतं. थोडक्यात, पुरेशा ठिकाणी पाठवत राहिलं तर दैव एकदा तरी हात देतं. काकांचा मुद्दा इथे थोडा वर येतो.

तरी शिक्का अगदीच टाकाऊ नाही. त्यावर स्पर्धेचं नाव आणि साल आहे का ते बघावं. नुसतं ‘अवॉर्ड विनिंग’ लिहिलं असेल तर सोडून द्यावं. बाटलीवर द्राक्षांच्या हंगामाचंही साल असतं. पदक 2010 च्या वाइनला आणि हातात 2014 ची बाटली, तर ते पदक हिचं नव्हे, हिच्या थोरल्या बहिणीचं. आणि ‘नाशिक व्हॅली वाइन’ला जे भौगोलिक मानांकन आहे, तो पुरस्कार नाही. ते माल कुठला एवढंच सांगतं, चव कशी ते नाही.

हे सगळं कार्यकारिणीच्या बैठकीत वाचून दाखवल्यावर आपल्या पाककला स्पर्धेचा विषय निघणारच होता. ताटाला नाव न लावता क्रमांक देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. आता असा प्रस्ताव आला आहे, की गणेशोत्सवात एकाच घरची पुरणपोळी दोन वेगळ्या क्रमांकांनी ठेवून पाहावी. परीक्षक मंडळींनी कृपया हा शेवटचा परिच्छेद वाचू नये.