धागा बदलला, माग हरवला

नागपूरच्या कळमना बाजारातून संत्र्यांची गाडी निघते तेव्हा बिल्टी, म्हणजे मालाची पावती, सोबत असते. वाटेत माल दुसऱ्या गाडीत चढवला, तर बिल्टीही नव्या ड्रायव्हरच्या हाती द्यावी लागते.

नागपूरच्याच मिहानमधल्या आयटी कंपन्यांत असो वा कुठेही, सर्व्हर सांभाळणाऱ्यांची अडचण हीच. ग्राहकाची एक विनंती अनेक सर्व्हरमधून फिरते. तिला ३२ अक्षरी ओळख क्रमांक देऊन प्रत्येक टप्प्याची सुरुवात आणि शेवट नोंदवतात. हे ट्रेसिंग. गूगलने २०१० मध्ये आपल्या ‘डॅपर’ या ट्रेसिंग प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. आज त्यासाठी ‘ओपनटेलिमेट्री’ हे साधन सर्रास वापरतात.

जावात हा क्रमांक सहसा चालू थ्रेडपाशी, म्हणजे काम करणाऱ्या धाग्यापाशी, असतो. काम थ्रेड पूलमधल्या दुसऱ्या थ्रेडकडे गेलं, की तो मागेच राहतो. साधनाने ते आपोआप सांभाळलं नाही, तर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात: काम सोपवताना क्रमांक त्याच्यासोबत बांधायचा, नव्या थ्रेडने तो आधी लावून घ्यायचा आणि काम संपताच उतरवायचा. शेवटची पायरी राहिली, तर तोच थ्रेड पुढचं काम घेतो आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नावावर चढते.

नोंद नसण्यापेक्षा चुकीची नोंद जास्त घातक. म्हणून उतरवण्याची ओळ ‘फायनली’ ब्लॉकमध्येच लिहा, काम फसलं तरी ती चालते.