एका बाजूला देवमासे, दुसऱ्या बाजूला वाईन : दक्षिण आफ्रिकेतल्या हर्मानसला कधी जायचं आणि किती दिवस राहायचं?

केपटाऊनच्या टूर पॅकेजमध्ये बऱ्याचदा एक ओळ सापडते. ‘फुल डे एक्सकर्शन : हर्मानस, व्हेल वॉचिंग आणि वाईन टेस्टिंग.’

म्हणजे सकाळी केपटाऊनहून निघायचं, सव्वाशे किलोमीटर जायचं, समुद्रात देवमासा शोधायचा, जेवायचं, मग दोन वायनरींमध्ये घाईघाईत ग्लास उचलायचे आणि संध्याकाळी परत. जाऊन-येऊन तीन तास गाडीतच. त्यात त्या दिवशी वारा सुटला तर बोट रद्द. धुकं उतरलं तर किनाऱ्यावरूनही काही दिसत नाही. खर्च मात्र व्हायचा तो होतोच.

खरं सांगायचं तर हर्मानस हे ‘बघून यायचं’ गाव नाहीच. मोठं म्युझियम नाही, किल्ला नाही, पॉइंटची यादी नाही. तिथं राहायचं असतं. पण कधी आणि किती दिवस, हे नीट ठरवलं नाही तर दिवाळीची सुट्टी आणि लाखभर रुपये दोन्ही वाया जाऊ शकतात.

आधी गाव कुठं आहे ते बघू.

केपटाऊनच्या आग्नेयेला वॉकर बे नावाचा उपसागर आहे. पुढे समुद्र, मागे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत हर्मानस वसलंय. गावाच्या पश्चिमेला आर-३२० हा रस्ता डोंगरात वळतो. त्या रस्त्यावर गावापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत द्राक्षमळे सुरू होतात. या खोऱ्याचं नाव हेमेल-एन-आर्डे. आफ्रिकान्स भाषेत त्याचा अर्थ ‘स्वर्ग आणि पृथ्वी’.

नाव रोमँटिक आहे, इतिहास तितकासा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं कुष्ठरोग्यांची वसाहत होती. पुढे ती रॉबेन बेटावर हलवण्यात आली. हो, तेच रॉबेन बेट जिथं नंतर नेल्सन मंडेलांना कैदेत ठेवलं होतं.

गावाच्या नावाचीही गोष्ट आहे. हर्मानस पीटर्स नावाच्या एका शिक्षकावरून गावाला ‘हर्मानसपीटर्सफोंटेन’ असं लांबलचक नाव पडलं होतं. १९०२ मध्ये पोस्टमास्तरने ते कापून नुसतं ‘हर्मानस’ केलं. पत्ता लिहिणाऱ्यांनी त्याचे आभारच मानले असतील.

आता प्रश्न पडेल की समुद्राच्या इतक्या जवळ चांगली द्राक्षं कशी येतात?

उत्तर समुद्रातच आहे. इथलं पाणी थंड आहे. दुपारी समुद्रावरून येणारा गार वारा खोऱ्यात शिरतो आणि उन्हाळ्यातही मळे तापू देत नाही. पिनो न्वार आणि शार्दोने या दोन जातींना असंच हवामान लागतं. पिनो न्वारची साल पातळ असते. उष्ण भागात ते द्राक्ष झटपट पिकतं आणि त्याचा नाजूक वास हरवतो. गारव्यात ते सावकाश पिकतं.

हे ओळखून १९७५ मध्ये टिम हॅमिल्टन रसेल नावाच्या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने इथं जमीन घेतली. तेव्हा दक्षिण आफ्रिकेत वाईनची द्राक्षं कुठं लावायची हे कोटा ठरवायचा, आणि या खोऱ्याला कोटाच नव्हता. ती कोटा पद्धत १९९२ मध्ये संपली. आज इथल्या पिनो न्वारचं नाव जगभर घेतलं जातं आणि खोऱ्याचे तीन वेगळे विभाग मानले जातात. खालचं खोरं, वरचं खोरं आणि सगळ्यात उंचावरची रिज. जसजसं वर चढाल तशी माती आणि थंडी बदलते, आणि त्यासोबत चवही.

नाशिककरांना इथं एक गंमत सापडेल. नाशिकमध्ये वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. हर्मानसमध्येही ती जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंतच चालते. पण कारणं उलटी आहेत. हर्मानस दक्षिण गोलार्धात आहे, म्हणून तिथं तो उन्हाळ्याचा शेवट असतो. नाशिकमध्ये मात्र पावसाळ्यात फळ टिकणार नाही म्हणून पाऊस सरल्यावर छाटणी घेतली जाते आणि पीक हिवाळ्यात वाढवलं जातं.

खरी अडचण इथूनच सुरू होते.

पॅकेजवाले देवमासे आणि वाईन एका ओळीत लिहितात. पण दोन्हींचे ऐन दिवस एकत्र येत नाहीत. देवमासे साधारण जून ते नोव्हेंबर या काळात येतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सगळ्यात चांगले दिसतात. द्राक्षांची तोडणी त्यानंतर तीन-चार महिन्यांनी सुरू होते. सप्टेंबरमध्ये मळ्यात गेलात तर वेलींना नुकती पालवी फुटत असते. वाईन बाराही महिने चाखता येते, पण घडांनी लगडलेल्या वेलींचा फोटो तेव्हा मिळणार नाही. उलट फेब्रुवारीत घड मिळतील, देवमासा नाही.

त्यामुळे दोन्हींपैकी एक निवडा. पहिल्यांदाच जात असाल तर देवमासेच निवडावेत. द्राक्षमळे नाशिकलाही आहेत.

हा मासा नाही हे शाळेत शिकवलेलं असतंच. इथं येतो तो सदर्न राइट व्हेल. लांबी पंधरा मीटरच्या आसपास, वजन चाळीस टनांच्या पुढे. पाठीवर पर नसतो, डोक्यावर पांढुरके खरखरीत चट्टे असतात आणि श्वास सोडला की इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा फवारा उडतो. ‘राइट’ हे नाव शिकाऱ्यांनी दिलं असं सांगतात. हळू पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, मेल्यावर तरंगतो, चरबी भरपूर, म्हणजे मारायला ‘योग्य’. १९३५ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं, पण तोवर फारच थोडे उरले होते.

अंटार्क्टिकाच्या बाजूच्या थंड समुद्रात पोट भरून माद्या पिल्लं घालायला या किनाऱ्यावर येतात. म्हणूनच हर्मानसमध्ये बोटीची गरजच पडेल असं नाही. नव्या बंदरापासून ग्रोटो बीचच्या दिशेने कड्याच्या काठाने साधारण १२ किलोमीटरची पायवाट आहे आणि जागोजागी बाकं आहेत. चांगल्या दिवशी आई आणि पिल्लू खडकांपासून इतक्या जवळ येतात की दुर्बीणही लागत नाही. १९९२ पासून गावाने चक्क दवंडी देणारा माणूस ठेवला. देवमासा दिसला की तो समुद्री शेवाळाच्या पोकळ देठाचं शिंग फुंकतो.

बोटीनेच जायचं असेल तर परवाना असलेलीच बोट घ्या. अशा बोटीला देवमाशापासून ५० मीटरपर्यंत जाता येतं. बाकीच्यांना ३०० मीटर लांब राहावं लागतं. पिल्लासोबतच्या मादीजवळ तर परवानावाल्यांनाही जायची मुभा नाही. त्यामुळे पिल्लं बघायची असतील तर फुकटची पायवाट जास्त भरवशाची.

तरी खात्री कुणीच देऊ शकत नाही. अंटार्क्टिकाकडचं खाद्य कमी झाल्याने पूर्वी तीन वर्षांनी पिल्लू देणाऱ्या माद्या आता चार-पाच वर्षांनी देतात, असं संशोधकांना दिसलंय. एखाद्या वर्षी किनारा भरलेला असतो, एखाद्या वर्षी विरळ. एका दिवसाच्या ट्रिपवर पैसे लावायचे नाहीत ते याचसाठी.

मग महिना कोणता?

जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा आणि पाऊसही तेव्हाच. सप्टेंबरपासून वसंत सुरू होतो, डोंगरावर फिनबॉस नावाची तिथली खास झुडपं फुलतात. सप्टेंबरअखेरीस गावात व्हेल फेस्टिव्हल भरतो. जत्रा आवडत असेल तर ठीक, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळा, खोल्याही महागतात. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात बरा. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी ती सुट्टी जमून जाते. नोव्हेंबरमध्ये देवमासे परतायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्ट्या, त्यामुळे गाव खच्चून भरतं. आणि आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथं ना देवमासे, ना तोडणी.

चार रात्री ठेवा. तीनमध्ये भागतं, पण चौथा दिवस हा वाऱ्यासाठी राखीव असतो. रोजचा कार्यक्रम आधीच ठरवू नका. सकाळी समुद्र शांत असेल तर पायवाट किंवा बोट, वारा सुटला की मळ्यांकडे. खोरं डोंगराआड असल्याने किनाऱ्यावरचा खराब दिवस तिथं बऱ्यापैकी निभावतो.

मळ्यांचं एक पथ्य पाळा. दिवसाला दोन, फार तर तीन. टेस्टिंगमध्ये छोटे छोटे पाच-सहा घोट देतात, ते एकेक करून अंगात भिनतात. चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दक्षिण आफ्रिकेत गाडी चालवताना १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. आपल्याकडे ती ३० आहे. पण वळणांच्या डोंगरी रस्त्यावर मर्यादेचं गणित मांडत बसण्यापेक्षा स्थानिक ड्रायव्हर किंवा वाईन टूरची गाडी घ्या. काही मळे रविवारी बंद असतात, तेही आधी बघा.

राहायला स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर उत्तम. हॉटेलांत मासे भरपूर, शाकाहारी माणसाला मात्र दोन दिवसांत मेनू पाठ होतो. समोसा मात्र ‘समूसा’ नावाने भेटेल. केपच्या मलय समाजाच्या स्वयंपाकात मसाले आहेत, कारण डचांनी इथं आणलेल्या गुलामांत बंगाल आणि मलबारकडची माणसंही होती. गावाला लागूनच झ्वेलिहले ही वस्ती आहे, वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीय कामगारांसाठी वसवलेली. समुद्रासमोरचे बंगले आणि ही वस्ती यांच्यात अंतर काही मिनिटांचंच आहे. हॉटेलांत आणि मळ्यांत राबणारे बरेच हात तिथूनच येतात.

प्रवासाचं सांगायचं तर भारतीय पासपोर्टवर आधी परवानगी घ्यावीच लागते. ती हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं बुकिंग करू नका. मुंबईहून बहुतेक जण अदिस अबाबा, नैरोबी किंवा आखाती शहरांतून विमान बदलून जातात. अदिस अबाबा किंवा नैरोबीत १२ तासांहून जास्त थांबा असेल तर यलो फिव्हरच्या लशीचं सर्टिफिकेट लागतं, आणि ती लस किमान दहा दिवस आधी घ्यायची असते.

केपटाऊनचा विमानतळ एन-२ महामार्गाला लागूनच आहे, आणि तोच रस्ता पूर्वेला हर्मानसच्या दिशेने जातो. म्हणजे शहरात न शिरता थेट निघता येतं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. फक्त अंधारात पोहोचायची वेळ आणू नका.

परतताना मात्र आर-४४ हा किनाऱ्याचा रस्ता घ्या. वाटेत बेटीज बेला स्टोनी पॉइंटवर आफ्रिकन पेंग्विनची वसाहत आहे. २०२४ मध्ये ही जात अतिधोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली. लाकडी पुलावरून ते अगदी हाताच्या अंतरावर दिसतात, पण हात लावायचा नाही, चावतात.

आणि बॅगेत बाटल्या मोजून भरा. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंतच ड्यूटी लागत नाही. ७५० मिलिलीटरच्या हिशोबाने दोनच बाटल्या बसतात.