आमच्याकडे असंच असतं

घराण्यात जमीनजुमला, नाकाची ठेवण आणि मसाल्याचे प्रमाण जसे पुढच्या पिढीकडे जाते, तशीच रागावण्याची आणि गप्प बसण्याची तऱ्हाही जाते. वडील घरात शिरले की सगळ्यांनी आवाज बंद करायचा. बांधावरून तुटलेले बोलणे चुलतभावांनीही तसेच पुढे चालवायचे. सासूने जे सोसले ते सुनेच्या वाट्याला घालायचे आणि दारूबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही. हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. मूल पाहते आणि उचलते. विचारलेच तर ‘आमच्याकडे असंच असतं’ एवढे उत्तर पुरते. पुष्कळ घरांत मात्र एखाद्याला ते पुरत नाही. घरचे त्याला हळवा म्हणतात, जगावेगळा म्हणतात, ‘सगळं मनाला लावून घेतो’ म्हणतात. पिढ्यांचा पायंडा अशाच माणसाच्या हातून मोडतो, अशी समजूत सध्या लोकप्रिय आहे. ती अर्धीच खरी आहे.

मुळात ‘वेगळा’ हा पुष्कळदा घरानेच घडवलेला असतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोएन (१९१३–१९९०) यांनी १९५४ ते १९५९ या काळात बेथेस्डा येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांनाही वॉर्डात राहायला आणले. तेथे जे दिसले त्यातून त्यांचा कुटुंबव्यवस्थेचा सिद्धांत उभा राहिला. दोन माणसांमधला ताण त्यांना पेलेनासा झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात आणि त्रिकोण तयार होतो. नवराबायकोच्या धुसफुशीत हा तिसरा कोन बहुधा एखादे मूल असते. दोघांची काळजी त्या एकाच मुलावर एकवटते आणि ‘याचंच काहीतरी बिघडलंय’ यावर दोघांचे एकमत होते. बाकीची भावंडे त्यामानाने मोकळी सुटतात. कुटुंबाचा आजार एकाच्या नावावर चढतो आणि तोच पुढे घरातला तऱ्हेवाईक ठरतो.

हळवेपणाची दुसरी बाजू जन्मजात आहे. मानसशास्त्रज्ञ इलेन एरन यांनी १९९०च्या दशकात अतिसंवेदनशील स्वभावाची कल्पना मांडली. त्यांच्या अंदाजाने १५ ते २० टक्के माणसे आवाज, गर्दी आणि इतरांच्या मनःस्थितीने चटकन हलतात. बालरोगतज्ज्ञ थॉमस बॉइस यांनी मुलांच्या शरीरावर ताणाचा परिणाम किती होतो ते मोजले. काही मुले त्यांना डँडेलियनसारखी आढळली. हे फूल कुठल्याही फटीत उगवते. आपल्याकडची टणटणी डोळ्यांपुढे आणावी. थोडी मुले मात्र ऑर्किडसारखी होती. ताणाखालच्या घरांत ही मुले इतरांपेक्षा जास्त आजारी पडत आणि निवांत घरांत इतरांपेक्षाही निरोगी राहत. म्हणजे हळवेपणा दुधारी आहे. घरातली कळ तो आधी टिपतो, पण त्या कळीने आधी मोडूही शकतो. हळवा माणूस म्हणजे घराण्याचा नेमलेला तारणहार, ही कल्पना मनाला गोड वाटते. संशोधनात तिला आधार नाही.

मग पायंडा मोडतो कशाने? तो अटळ असतो हेच आधी खरे नाही. संशोधक जोन कॉफमन आणि एडवर्ड झिगलर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास ताडून पाहिले. लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के आईबाप छळ पुढे चालवतात, असा त्यांचा अंदाज निघाला. हे प्रमाण छळ न सोसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, तरीही बहुसंख्य माणसे मार पुढे पोचवत नाहीत. ‘आम्हीही मार खाऊनच मोठे झालो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहण्यासारखा आहे.

न पोचवणारी माणसे वेगळी कशात, हे मिनेसोटा विद्यापीठातील बायरन एगलँड आणि सहकाऱ्यांनी शोधले. १९७५च्या सुमारास सुरू झालेल्या या अभ्यासात गरीब घरांतल्या मातांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला गेला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत साखळी तोडलेल्या मातांबाबत तीन गोष्टी पुढे आल्या: लहानपणी छळ न करणारे, मायेचे एखादे मोठे माणूस लाभलेले असणे, कधीतरी मानसोपचार मिळालेले असणे आणि आता आधार देणारा जोडीदार असणे. तिन्हींत दुसरे माणूस आहे. आजोळी मिळालेली उन्हाळ्याची सुट्टी किंवा शेजारच्या काकूंचे स्वयंपाकघर किती मोलाचे असू शकते, याची कल्पना यावरून येते.

बालमनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७५ मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या लेखात अशी एक आई आहे. तिचे साडेपाच महिन्यांचे बाळ ओरडून रडत होते आणि ती ऐकूच येत नसल्यासारखी दूर बसली होती. तिचे स्वतःचे लहानपणचे रडणे कोणी ऐकलेले नव्हते. ते बोलता बोलता तिला रडू फुटले, कोणीतरी ते ऐकले आणि हळूहळू ती आपणहून बाळाला जवळ घेऊ लागली. फ्रायबर्ग यांचे निरीक्षण बारीक आहे. काय घडले हे आठवणारे आईबाप पुष्कळ असतात. त्या वेळी काय वाटले होते हेही ज्यांना आठवते, ते तेच पुन्हा करण्यापासून वाचण्याची शक्यता जास्त.

घर सोडून दूर जाणे म्हणजे पायंडा मोडणे नव्हे, असे बोएन यांचे मत होते. संबंध तोडलेला माणूस तोच त्रिकोण नव्या घरात पुन्हा उभा करतो. जिवाला धोका असेल तेथे अंतर हाच उपाय. पण एरवी ओढले न जाता संपर्कात राहणे हे अवघड काम त्यांनी महत्त्वाचे मानले. १९६६ मध्ये त्यांनी ते टेनेसीतल्या स्वतःच्या मूळ घरी करून पाहिले आणि १९६७ मध्ये सहव्यावसायिकांपुढे मांडले. छापताना मात्र, १९७२ मध्ये, लेखकाचे नाव गाळावे लागले. घरातले बाहेर बोलण्याचा संकोच तज्ज्ञालाही सुटला नाही.

एकजण बदलू लागला की घर स्वस्थ बसत नाही. बोएन यांनी या प्रतिकाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या: तू चुकतोयस, पूर्वीसारखा हो, नाही झालास तर परिणाम भोग. मराठी घरांत पहिल्या पायरीवर ‘शिकलास म्हणून शहाणा झालास का’ ऐकू येते, दुसरीवर आईचे डोळे भरतात आणि तिसरीवर लग्नपत्रिकेतून नाव गळते. म्हणूनच एकट्याला सुधारून परत त्याच घरात पाठवणे पुरत नाही, हे व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी अनुभवाने ओळखले. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाच्या उपचाराबरोबर कुटुंबीयांनाही सामील करून घेतले जाते. दारू पिणारा थांबला तरी त्याच्याभोवती वर्षानुवर्षे आखलेल्या घरच्यांच्या जागा आपोआप बदलत नाहीत: बायकोने लपवायचे, थोरल्याने बापाची जागा घ्यायची, धाकटीने कोपऱ्यात बसून सगळे पाहायचे.