विश्लेषण : शास्त्रीय संगीताचे ‘बॉक्स सेट’ भंगारात का जातात?

नवी मुंबईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या, की घरोघरचे माळे रिकामे होतात. जुईनगर-नेरुळकडच्या माळ्यांवरूनही तांब्या-पितळेची भांडी आणि रेकॉर्डची खोकी खाली येतात. भांड्यांची घासाघीस होते, खोकी मात्र किलोवर जातात. एलपीची हौस परतली असताना शास्त्रीय संगीताच्या संचांना गिऱ्हाईक का नाही?

बॉक्स सेट म्हणजे काय?

७८ फेऱ्यांची जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपे. अब्दुल करीम खाँ असोत की केसरबाई केरकर, राग तेवढ्यात बसवावा लागे. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळू लागली आणि अख्खा ऑपेरा किंवा एखाद्या संगीतकाराच्या सर्व सिंफनी एका पुठ्ठ्याच्या पेटीत, पुस्तिकेसह विकता येऊ लागल्या. बेथोव्हेनच्या जन्माला २०० वर्षे झाली तेव्हा, १९७० मध्ये, डॉइश ग्रामोफोनने त्याचे संगीत ७५ एलपींमध्ये, १२ पेट्यांत काढले.

आपल्याकडे असे संच आहेत का?

कमी आहेत, कारण एक राग एका एलपीत मावतो. तरी शोधण्याजोगे काही आहेतच. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते पुढे सुधीर फडके यांच्या आवाजात एलपींच्या संचात आली. ते काटेकोर अर्थाने शास्त्रीय नव्हे, पण त्यातल्या चाली रागांवर उभ्या आहेत. १९५५ मध्येच अलँ दानिएलू यांनी पॅरिसहून भारतीय शास्त्रीय संगीताचा तीन एलपींचा संच काढला. त्यात रविशंकर, अली अकबर खाँ आणि डागर बंधूंबरोबर डी. के. पट्टम्माळही आहेत. उत्तर आणि दक्षिण एका पेटीत, तेही त्या काळात! हा संच हाती लागला तर सोडू नये, असे आमचे मत.

‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’चा तीन एलपींचा संच लोक जॉर्ज हॅरिसनसाठी घेतात. त्याची पहिली बाजू मात्र रविशंकर, अली अकबर आणि अल्लारखाँ यांची आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या श्रोत्यांनी वाद्ये जुळवण्यालाच टाळ्या वाजवल्या, तो किस्साही त्याच बाजूवर ऐकू येतो.

मग दुर्लक्ष का?

पेटी जड, जागा खाणारी. विक्रेत्याला आर. डी. बर्मनची एक एलपी विकणे सोपे. संचातली एक तबकडी हरवली, की उरलेल्यांची किंमत कोसळते. म्हणून पेट्या फोडून तबकड्या सुट्या विकल्या जातात, आणि संच कायमचा मोडतो. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र हीच संधी आहे. उत्तम स्थितीतला पाश्चात्त्य संच अनेकदा एका नव्या एलपीपेक्षा स्वस्तात मिळतो.

घेताना काय पाहावे?

पहिल्या तबकडीवर बाजू १ आणि ६, दुसरीवर २ आणि ५ दिसली, तर भलत्या तबकड्या भरल्या असे समजू नका. एकावर एक तबकडी आपोआप पडणाऱ्या जुन्या चेंजरसाठी तो क्रम ठेवलेला असे. तबकड्या मोजा, पुस्तिका आहे का पाहा, तबकडी तिरपी धरून उजेडात बुरशी शोधा. खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी हा ओरखड्याइतकाच मोठा शत्रू आहे. पेट्या उभ्याच ठेवाव्यात. सफाईला डिस्टिल्ड वॉटर चालते. ७८ च्या लाखेच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल कधीही लावू नये, लाख विरघळते. त्यांची सुईही वेगळी, अधिक जाड लागते.

मिळतात कुठे?

काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झाले. चोरबाजार आहे. जुईनगरहून हार्बरची सीएसएमटी गाडी पकडून सँडहर्स्ट रोडला उतरायचे, पुढे चालत. शुक्रवारी मटन स्ट्रीटची नेहमीची दुकाने बंद असतात, त्या दिवशी रस्त्यावरचा बाजार भरतो.

आणि पेटी तुमच्याच माळ्यावर असेल तर? फोडून विकू नका. १९९० पासून मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. रद्दीवाल्याच्या आधी अशा जाणकारांना विचारा. पुस्तिका बहुधा पेटीत नसते, पुस्तकांच्या कपाटात गेलेली असते. तिथेही एकदा पाहून घ्या.