वाळवंट की डोंगर? सोलापूरहून सहलीला निघताना आधी महिना बघावा, मग फोटो

एका रीलमध्ये जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या, पुढच्याच रीलमध्ये लेहचे उघडेबोडके डोंगर आणि निळंशार आभाळ. दोन्हीकडे जावंसं वाटतं. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबासाठी हा प्रश्न नुसत्या आवडीचा नसतो. यंत्रमागावर अनेकांची मजुरी झालेल्या कामावर ठरते. त्यामुळे सहलीचा प्रत्येक दिवस दोनदा महाग पडतो: प्रवासाचा खर्च वेगळा आणि बुडालेली मजुरी वेगळी. काही वर्षांतून एकदा होणारी अशी सहल चुकीच्या महिन्यात पडली, तर पैसे जातात आणि हौसही भागत नाही.

मग ठिकाण निवडायचं कसं? उत्तर सोपं आहे. सुट्टी कोणत्या महिन्यात आहे आणि किती दिवसांची आहे, या दोन गोष्टी आधी लिहून काढायच्या. फोटोचा नंबर त्यानंतर.

मे महिन्यात वाळवंट का नको?

मुलांच्या शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते. त्या वेळी सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे असतो आणि जैसलमेरचाही. म्हणजे हा प्रवास आगीतून फुफाट्यात. वाळू दिवसा भराभर तापते. सावलीला झाड नाही आणि टेकड्यांवर दुपारी पाय ठेवणंही कठीण.

वाळवंटाचा खरा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. दिवाळीची सुट्टी त्यात बरोबर बसते. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे वाळू रात्री तितक्याच लवकर थंड होते. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या रात्रीला नुसती सोलापुरी चादर पुरत नाही, स्वेटर लागतोच.

डोंगरावर गार का वाटतं?

दर एक किलोमीटर वर चढलं की हवेचं तापमान सरासरी ६ ते साडेसहा अंशांनी उतरतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटरवर आहे, तर महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. नुसत्या उंचीमुळेच पाच-सहा अंशांचा फरक पडतो. त्यात दाट झाडी आणि पश्चिमेकडून येणारा वारा यांची भर पडते. १८२९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही जागा घेतली, ती याच गारव्यासाठी. उन्हाळ्यातली चार दिवसांची सुट्टी असेल, तर सोलापूरकरांसाठी हा हिशेब आजही बरोबर ठरतो. फक्त मे महिन्यातली गर्दी आणि वाढलेलं खोलीभाडं धरून चालावं.

पावसाळ्यात लेह कोरडं कसं?

याचं उत्तर सोलापूरकरांना घरबसल्या कळेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर सोलापूर जिल्ह्यात सरासरी साडेपाचशेच्या आसपास. पावसाचे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पलीकडे कोरडा वारा पोचतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. लेह तशाच छायेत आहे, फक्त तिथे आडवा येणारा डोंगर हिमालयाचा. वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून लेह डोंगरातलं गाव आहे आणि वाळवंटही आहे: थंड वाळवंट.

जून ते सप्टेंबर हा तिथला हंगाम. दिवाळीपर्यंत रात्रीचं तापमान शून्याखाली जाऊ लागतं. हंगामातही हवामानाचा अंदाज पाहायलाच हवा. ऑगस्ट २०१० मध्ये याच कोरड्या लेहमध्ये ढगफुटी होऊन दोनशेहून जास्त माणसं दगावली होती.

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपासच भरतो. विमानाने थेट उतरलं तर शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. बसल्या जागी धाप लागणं, तोल जाणं किंवा बरळणं ही धोक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी वर जायचं नाही. तातडीने डॉक्टरांकडे जायचं आणि शक्य तितक्या लवकर खाली उतरायचं.

म्हणून पहिले एक-दोन दिवस आरामाचे. हृदयाचा, फुप्फुसांचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. चार दिवसांच्या सुट्टीत लेह बसवायचं म्हटलं, तर नेमके हे आरामाचे दिवस कापले जातात. धोका तिथेच आहे.

सुट्टी किती दिवसांची आहे?

सोलापूरहून जैसलमेरला जायचं तर आधी पुणे किंवा मुंबई, तिथून जोधपूर आणि मग जैसलमेर. रेल्वेने जाण्यायेण्यातच साधारण चार दिवस जातात. आठ-दहा दिवस हाताशी असतील तरच हा बेत परवडतो. एक ढोबळ नियम लक्षात ठेवता येईल: सुट्टीतला निम्मा वेळ गाडीतच जाणार असेल, तर जवळचं ठिकाण निवडावं.

जवळ काय आहे? सोलापूर–गदग रेल्वेमार्गावर विजापूरचा गोलघुमट आहे आणि पुढे बदामी. बदामीचे लाल कातळ, त्यांत कोरलेली सहाव्या शतकातली चालुक्यांची लेणी आणि मधला अगस्त्य तलाव पाहायला दिवाळीचे तीन-चार दिवस पुरतात. उन्हाळ्यात मात्र तिथेही सोलापूरसारखंच ऊन.

एकच दिवस असेल तर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवरचं नान्नज. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं. माळढोक आता इथे क्वचितच दिसतो, पण गवताळ माळावर काळविटांचे कळप पाहता येतात. गंमत म्हणजे या पक्ष्यालाच राजस्थानात गोडावण म्हणतात. तो तिथला राज्यपक्षी आहे आणि देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेर भागातच आहेत.

पाहुण्यांचं पाणी कुठून येतं?

काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या सोलापूरकरांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा आणि त्यात आजही लोक राहतात. तो बांधला तेव्हा पाणी डोक्यावरून आणावं लागे. नळ आले, हॉटेलं वाढली आणि मुरलेल्या सांडपाण्याने किल्ल्याचा पाया खिळखिळा होऊ लागला. लेहची शेती आणि पिण्याचं पाणी बर्फाच्या वितळण्यावर अवलंबून असताना हॉटेलांसाठी बोअरवेल वाढत गेल्या. अशा गावात मुक्काम किल्ल्याच्या आत न करता बाहेर करणं आणि शॉवरऐवजी बादलीने अंघोळ करणं, एवढं पाहुण्याला सहज जमतं.

थोडक्यात

• उन्हाळा, तीन-चार दिवस: महाबळेश्वर
• जून ते सप्टेंबर, आठ-दहा दिवस आणि तब्येत ठणठणीत: लेह
• दिवाळी, आठ-दहा दिवस: जैसलमेर
• दिवाळी, तीन-चार दिवस: विजापूर आणि बदामी
• हिवाळ्यातली एक दिवसाची सुट्टी: नान्नजचं माळरान